सहापैकी एक

ईस्टरच्या सुट्टीत माझी परीक्षा झाली. परीक्षक माझी सतरा वर्षांची नात, जागा आमचं स्वयंपाकघर. तिनं लॅपटॉपची पाठ माझ्याकडे केली, टेबलावर सहा चित्रं मांडली आणि म्हणाली, "आजोबा, मी सहा ट्यून्स वाजवते. कुठली कोणाची ते ओळखा. नो चीटिंग."

चित्रं सहा अक्राळविक्राळ प्राण्यांची होती. बर्फाचं अस्वल, पितळेचा भुंगा, पाठीवर बेट घेऊन फिरणारं कासव, धुराचा घोडा, काट्यांची राणी आणि एक साधंसुधं मांजर. सगळ्यात जास्त भ्यायचं ते मांजराला, हे तिनं आधीच बजावलं होतं. ती आणि तिचे दोन मित्र मिळून एक व्हिडिओ गेम बनवत आहेत, त्यातले हे सहा 'बॉस'. संगीताचं खातं तिच्याकडे.

सहाही चाली मी डोळे मिटून ऐकल्या. निकाल: सहापैकी एक बरोबर. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस असा निकाल लागला की गणितात शिरतो. सहा चाली आणि सहा चित्रं कोणी नुसत्या अंदाजानं जुळवली, तरी सरासरी एक जोडी बरोबर येतेच. सहाच्या जागी साठ घ्या, तरी सरासरी एकच. म्हणजे मला कळलं होतं ते शून्य.

पण खरी अडचण निकालाची नव्हती. फेब्रुवारीपासून एकेक चाल पुरी झाली की ती मला ऐकवायला आणत होती आणि मी दर वेळी मान डोलवून "वा, छान!" म्हणत होतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हा अंक वाचत असेल तर त्याचा विश्वास बसणार नाही. नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी हा शब्द फार तर चार वेळा वापरला असेन.

"तुम्हाला सगळ्या आवडल्या होत्या," ती म्हणाली. "अस्वलाची तर 'एकदम वेगळी' वाटली होती." लॅपटॉप मिटून ती वर निघून गेली. रात्री जेवायलाही खाली आली नाही.

आता पहिल्या पिढीच्या वाचकांसाठी जरा थांबतो. दुसऱ्या पिढीनं पुढचा मजकूर थोडा गाळला तरी चालेल, तुम्हाला यातलं माझ्याहून जास्त ठाऊक आहे. या प्रकारच्या खेळात तुम्ही रानावनातून हिंडता, चित्रविचित्र प्राणी पकडता, त्यांना तयार करता आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवता. यातला सगळ्यात नावाजलेला खेळ पोकेमॉन. 'पॉकेट मॉन्स्टर'चं ते लघुरूप. पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात गेम बॉयसाठी निघाले. प्राणी होते १५१. बहुतेक लढाया किरकोळ असतात, गवतात चार पावलं टाकली की एक. पण मध्ये मध्ये मोठे प्रतिस्पर्धी वाट अडवून उभे असतात. आठ 'जिम' असतात, आपण आखाडे म्हणू. प्रत्येक आखाड्याचा एक प्रमुख, त्यांच्यापुढे चार दिग्गज आणि शेवटी एक अजिंक्यवीर. असा कोणी समोर आला की संगीत बदलतं. ते असं बदलायला हवं की खेळणाऱ्याच्या हाताला घाम फुटावा.

यात संगीतकाराची पंचाईत अशी की लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीनं चालते. कोणी दीड मिनिटात जिंकतो, तर कोणी प्रत्येक चालीला डोकं खाजवत वीस मिनिटं घेतो. म्हणून सुरुवातीचा एक तुकडा एकदाच वाजतो आणि पुढचं आवर्तन लढाई संपेपर्यंत फिरत राहतं. आपल्याकडे एकल तबलावादनाला पेटीवर लेहरा धरतात ना, तसं. तबलजी कधी थांबणार हे पेटीवाल्याच्या हातात नसतं, आणि तरी लेहऱ्याचा कंटाळा येऊन चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मला माफी मागता आली नाही. प्राध्यापकांना ती मागता येत नाही, ते प्रश्न विचारतात. मी विचारलं, "मूळचे लोक हे कसं करायचे?"

तिनं माळ्यावरच्या खोक्यातून तिच्या मामाचा गेम बॉय शोधून काढला. पोकेमॉन रेड या देशात १९९९ साली आला तेव्हा आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे होते. गाडीत मागच्या सीटवर बसून तो खेळायचा आणि मी पुढून सांगायचो, "आवाज बंद." त्यामुळे त्या खेळाचं संगीत मी कधी ऐकलंच नव्हतं. काडतुसातला छोटा सेल मेल्यामुळे त्यानं साठवलेला खेळ पुसला गेला होता. नातीनं पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या संध्याकाळी ती पहिल्या आखाड्याच्या प्रमुखापाशी, ब्रॉकपाशी, पोचली. मी शेजारी चहा घेऊन बसलेला.

मला धक्का बसला, कारण मला सगळं ओळखू येत होतं. रानातला प्राणी आला, कोणी किरकोळ खेळाडू आला, आखाड्याचा प्रमुख आला, हे मी पडद्याकडे न बघता सांगत होतो. तेसुद्धा नाण्याएवढ्या स्पीकरवरून.

ध्वनिशास्त्र हा माझा विषय, तेव्हा थोडं सहन करा. गेम बॉयला आवाज चारच. पहिले दोन चौकोनी लहरींचे. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली हे प्रमाण बदलता येतं. निम्मं-निम्मं ठेवलं तर फक्त विषम पटीच्या वारंवारिता उरतात आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ येतो; एक अष्टमांश ठेवलं तर नाकात बोलल्यासारखा. तिसऱ्या आवाजाच्या लहरीचा आकार ३२ बिंदूंनी आपण ठरवायचा, त्यावर बहुधा खर्ज चालतो. चौथा नुसता खरखराट, तोच ढोल आणि तीच झांज. त्यातून एखादा प्राणी ओरडला की त्याच्यासाठी संगीताचेच आवाज घटकाभर काढून घेतले जातात. रेडचे संगीतकार जुनिची मासुदा यांच्या हातात एवढंच होतं. वाद्य बदलण्याची सोयच नव्हती. अंगावरचे कपडे बदलता येत नसतील तर माणसाला चाल बदलावी लागते. लढाईची सुरुवात अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या धावपळीनं होते, म्हणजे लढाई आहे हे कळतं. पुढे मात्र खर्ज कसा पावलं टाकतो, चाल कुठे दम घेते आणि कुठे घेत नाही, यावरून समोर कोण आहे ते कळतं.

मी लहानपणी ऐकलेला दशावतार मला तेव्हा आठवला. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या जत्रेत देवळासमोर रात्रभर खेळ चालायचा. वाद्यं तीन: पायपेटी, मृदंग आणि झांज. मी मागे आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत असायचो. राजा येतोय की राक्षस, हे मला मृदंगावरून डोळे न उघडता कळायचं. पुढे बसलेली पोरं "इलो रे इलो, संकासुर इलो!" म्हणून ओरडायची, तोवर मी आजीच्या लुगड्यात तोंड लपवलेलं असायचं.

मग मी नातीला एक प्रयोग सुचवला. तिच्या सहाही चाली तिनं नुसत्या पियानोच्या आवाजात वाजवायच्या, बाकी काही नाही, आणि तिच्या मित्राला फोनवरून ओळखायला सांगायचं. या मित्रानं मूळ चाली ऐकून सहाच्या सहा बरोबर सांगितल्या होत्या. पियानोवर त्याचे दोनच बरोबर आले.

ती बराच वेळ पट्ट्यांकडे बघत बसली. सहाही चालींची गती तीच, मिनिटाला १४० ठोके. चार-चारच्या मात्रा त्याच. खालचे सुरांचे गठ्ठेही जवळजवळ तेच. फरक सगळा वरच्या थरात होता. अस्वलाला काचेच्या घंटा, भुंग्याला धातूची तीक्ष्ण भणभण, घोड्याला सुस्कारे.

मी तिथेच गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. दोष रचनेचा ठरला होता, माझ्या 'छान'चा विषय निघायचं कारण नव्हतं. शिवाय तिला काही शिकवल्याचं श्रेयही मिळालं असतं. पण तिच्या मित्राला मूळ चालींतला फरक ऐकू आला होता आणि मला आला नव्हता. ते दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर एकच निघतं, आणि ती आकडे शेजारी ठेवणारी मुलगी आहे.

मी म्हणालो, "मला त्या घंटा ऐकूच येत नाहीत. तू आनंदात दिसायचीस, म्हणून मी छान म्हणायचो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. तीनही असतील."

"आजीला माहीत आहे?"

"आजीला माहीत आहे," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

अंतर्कर्णाची शंखाकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की झोपेतही काढीन. उंच स्वर टिपणाऱ्या केसपेशी अगदी दाराशी असतात आणि वयानुसार आधी त्याच झिजतात, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगायचो. माणसाला ऐकू येतं पण स, श, फ कळत नाहीत, मग तो सगळ्यांना "तोंडातल्या तोंडात बोलू नका" म्हणतो, हेही सांगायचो आणि वर्ग हसायचा. घरी मी गेली दोन-तीन वर्षं सगळ्यांना नेमकं तेच म्हणत होतो.

जूनमध्ये कानाची तपासणी झाली. नात सोबत आली होती. आलेख १००० हर्ट्झपर्यंत बरा होता, २००० नंतर आंबोली घाटासारखा उतरत गेला. तिनं त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन तिच्या चालींच्या वर्णपटावर तो आलेख ठेवला. सहा बॉसमधला जवळपास सगळा फरक माझ्या घाटाच्या पायथ्याशी पडला होता. "तुमच्यासाठी मी सहा वेळा एकच ट्यून लिहिली," ती म्हणाली आणि हसली. ईस्टरनंतर त्या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती.

सगळा उन्हाळा आम्ही भांडण्यात घालवला. अस्वलाची गती तिनं निम्म्यावर आणली आणि मध्ये मध्ये चक्क दोन-दोन मात्रा रिकाम्या सोडल्या. पाळीच्या लढाईत खेळणारा विचार करत थांबलेला असतो, त्या वेळी संगीतही थांबलं की फार अस्वस्थ वाटतं. कासवाच्या खर्जाला पाच मात्रांचं आवर्तन आणि वरच्या चालीला चारचं. दोघांची सम वीस मात्रांनी एकदा भेटते, त्यामुळे तीच चाल फिरून येताना दर वेळी वेगळ्या जागी पाय ठेवते. कंटाळ्याचा प्रश्न तिनं असा सोडवला, आणि हे सर्वस्वी तिचं. माझा वाटा भुंग्यात आहे. त्याला मी रूपक सुचवला. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि पहिलीच मात्रा खाली. जिथे धपकन पाय टाकायला जावं तिथे जमीनच नाही. सात मात्रांचं कौतुक तिला नव्हतं, खेळांच्या संगीतात तशी उदाहरणं तिला चिकार माहीत होती. पण खालीपासून सुरू होणारा ताल तिनं तीनदा टाळी देऊन बघितला आणि मग मला खोलीबाहेर घालवलं. काम सुरू झालं की ती तसंच करते.

मोठा वाद झाला तो निराळाच. ती म्हणे, सहाही चाली एकमेकींपासून संपूर्ण वेगळ्या हव्यात. मी म्हटलं, मग मासुदांच्या त्या आखाड्यांच्या आठही प्रमुखांना एकच चाल का? ती त्या माणसांची नाहीच, ती पदाची आहे. न्यायाधीश बदलले तरी झगा तोच असतो. बहुतेक पोकेमॉन खेळांत ही पद्धत दिसते, आणि म्हणूनच कधीतरी एखाद्याला स्वतःची चाल मिळते तेव्हा ती लागते. यावर तिनं मला सिंथिया ऐकवली. २००६ च्या डायमंड आणि पर्लमधली ही अजिंक्यवीर. ती समोर आली की आधी पियानो सुरू होतो, आणि त्या पिढीतल्या मुलांना, म्हणजे तुमच्यापैकी कित्येकांना, तो ऐकून अजून धडकी भरते म्हणे. २०२२ साली 'लेजेंड्स: आर्सियस' नावाचा खेळ आला. प्रदेश तोच, काळ फार जुना. त्यात शेवटाकडे व्होलो नावाचा एक हसतमुख व्यापारी आपलं खरं रूप दाखवतो, आणि त्याच्या लढाईची सुरुवात त्याच पियानोनं होते. नातं काय, हे कोणी बोलून दाखवत नाही.

"म्हणजे घराणं," मी म्हणालो.

"म्हणजे घराणं," ती म्हणाली. तो शब्द तिला मी समजावून सांगितला नव्हता. तिच्या आईनं सांगितला असणार.

शेवटी सहाही चालींचे पहिले चार स्वर तेवढे समान ठेवायचे, असं ठरलं.

२०१९ चे सोर्ड आणि शील्ड तर या आपल्या ब्रिटनवरच बेतलेले आहेत. प्रदेशाचं नाव गालार, आणि आखाडे म्हणजे फुटबॉलची स्टेडियम. प्रमुखाशी लढताना प्रेक्षकांचा घोष संगीतातच मिसळलेला आहे. त्याचा शेवटचा प्राणी राक्षसी मोठा झाला की तो घोष आणखी चढतो. हे मला पहिल्या फटक्यात ऐकू आलं. आमच्या घरापासून मैलभरावर मैदान आहे. शनिवारी दुपारी मागच्या अंगणात बसलो की गोल झाला की हुकला, हे मी गर्जनेच्या आकारावरून सांगतो. गर्जना खालच्या पट्टीतली, ती अजून माझ्या मालकीची आहे. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटमधली युक्तीही मला आवडली. तुमचा प्राणी मरणपंथाला लागला की पूर्वी संगीतावर नुसती धोक्याची टूं-टूं वाजायची. यात ती टूं-टूं धरूनच नवी चाल सुरू होते. आणि आखाड्याच्या प्रमुखाकडे शेवटचा एकच प्राणी उरला की संगीत तुमच्या बाजूला वळतं. काट्यांच्या राणीसाठी नातीनं हे उलटं केलं: राणी हरायला लागली की चाल राणीची कीव करते. मला ते जरा भाबडं वाटतं, पण मत मागितलेलं नाही.

राहिलं मांजर. माझं म्हणणं, शेवटचा शत्रू आहे, ढोल हवेत, ताशा हवा. तिनं ऐकलं नाही. खेळाच्या सुरुवातीला तुमच्या गावात जी शांत चाल वाजते, तीच तिनं मांजराला दिली, एक स्वर बदलून. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल. ढोल नाही, घाई नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. ढोल-ताशाचा आग्रह मी त्यानंतर धरलेला नाही.

श्रवणयंत्रं ऑगस्टमध्ये मिळाली, इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून विनामूल्य. पहिला आठवडा आमच्या घरात एवढे कागद चुरगळतात आणि एवढ्या नळांना सूं-सूं आवाज येतो, याचाच त्रास झाला. गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी नात आली. तीच सहा चित्रं, तेच टेबल.

"यंत्रं काढा," ती म्हणाली. "त्यांच्याशिवाय ओळखता आलं पाहिजे."

काढली. या वेळी चार बरोबर आले. भुंगा आणि राणी यांची अदलाबदल झाली. पाच बरोबर येणं अशा परीक्षेत शक्यच नसतं, पाच जुळले की सहावं आपोआप जुळतं. तेव्हा चार म्हणजे पूर्णाच्या खालचा सर्वात वरचा निकाल. हे मी तिला समजावत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. ती भुंग्याची फाइल उघडून बसली होती.

मग यंत्रं परत कानात घातली आणि अस्वलाची चाल पुन्हा लावायला सांगितली. रिकाम्या जागा आल्या, आणि त्या रिकाम्या जागांत, फार वरून, काचेच्या घंटा वाजल्या. फेब्रुवारीपासून त्या तिथेच होत्या.

"कशा आहेत?" तिनं विचारलं.

"जास्त आहेत," मी म्हणालो. "निम्म्या कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि लिहून घेतलं.